रिसोडची लाइन

रिसोडच्या सेंटरवर पोचले तेव्हा लाइन पुन्हा गेलेली होती. बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि सेंटर सांभाळणारे अन्वरभाई प्रत्येकाला तेच सांगत होते, की रिपोर्ट तयार आहे पण दिसत नाही. हे कोणाच्या गळी उतरत नव्हतं. सातव्या महिन्यातल्या गरोदर लेकीला घेऊन आलेल्या एक बाई म्हणाल्या, "तयार हाये तं द्या ना मंग." त्यांचं काही चुकत नव्हतं. मजुरी बुडवून, जीपला लटकत आलेल्या माणसाला सर्व्हर म्हणजे काय हे कुठं समजावत बसणार?

तुम्हाला मात्र थोडं समजावते. ही एका डॉक्टरांची पॅथॉलॉजी लॅब. मुख्य लॅब वाशीमला. रिसोडला आणि कारंजाला फक्त रक्त घेतात, तपासणी वाशीमला होते. सगळे रिपोर्ट वाशीमच्या एका कॉम्प्युटरमध्ये नीट रचून ठेवलेले असतात, त्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. रिसोडचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून त्याला विचारतो, की अमक्या पेशंटचा रिपोर्ट दे, आणि तो देतो. लोकांचे आजार उघड्या रस्त्यानं पाठवायचे नसतात, म्हणून दोघांमध्ये एक बंदिस्त वाट केलेली असते. तिला आम्ही व्हीपीएन म्हणतो, बाकी सगळे लाइन. ही वाट बंद झाली की रिपोर्ट वाशीमला आणि पेशंट रिसोडला.

मी त्या लॅबची नोकर नाही. वाशीमला माझं लहानसं दुकान आहे, नेटवर्किंगची कामं घेते. लॅबचा स्वतःचा माणूस होता गजानन. दिवाळीनंतर तो गेला. हार्ट अटॅक. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. माझा केबल टेस्टर तो हक्कानं उचलून न्यायचा आणि परत करताना त्यात नवी बॅटरी घालून द्यायचा. धंद्यात असे लोक फार भेटत नाहीत. त्याच्या जागी त्याचंच काम करायला मला बोलावलं, याचं मला पहिल्या दिवसापासून वाईट वाटत होतं.

त्याच्या तेरवीला डॉक्टर त्याच्या गावी गेले होते. सगळ्यांसमोर म्हणाले होते, की रेखाला, म्हणजे गजाननच्या बायकोला, रिसोडच्या काउंटरवर घेऊ. ती बारावी शिकलेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. पदरात तिसरीतली मुलगी, घरी सासरे, कोरडवाहू शेत. तिला त्या शब्दाचा केवढा आधार वाटला असेल! पण त्यानंतर लाइन पडायला लागली आणि डॉक्टरांचा सूर बदलला.

"चार वर्षं रिसोडची लाइन एकदाही पडली नाही," ते मला म्हणाले. "तो गेला आणि आता रोज पडते. त्यानं काहीतरी करून ठेवलंय. हे निस्तरल्याशिवाय त्याच्या घरचं माणूस मी माझ्या सिस्टीमवर बसवणार नाही."

मी म्हटलं, गजानन तसा नव्हता. ते म्हणाले, मग शोधून दाखवा.

तर मी शोधायला बसले. आधी पिंग केलं. पिंग म्हणजे समोरच्या मशीनला हाक मारायची आणि ओ येते का बघायचं. इंटरनेट ओ देत होतं, सर्व्हर देत नव्हता. सर्व्हरच झोपला असेल म्हणावं, तर कारंजाला तोच सर्व्हर मजेत चालत होता. म्हणजे दोष रिसोडच्या वाटेत. केबल बदलली. राउटर बदलला. इंटरनेटवाल्याशी भांडून झालं. पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं जे दार डेटाबेससाठी उघडं असावं लागतं, तेही उघडंच होतं. सगळं ठीक आणि लाइन बंद, यासारखी चिडचीड करणारी गोष्ट आमच्या कामात दुसरी नाही.

एवढं कळलं, की लाइट गेली की लाइन जाते. रिसोडला लाइट किती वेळा जाते ते रिसोडवाल्यांना विचारा. सेंटरला इन्व्हर्टर होता, पण गल्लीतल्या इंटरनेटच्या डब्याला नव्हता. तिथवर ठीक. पण लाइट आल्यावर राउटर आपणहून वाट पुन्हा जोडतो, जोडायला हवी. इथं कधी मिनिटभरात जोडली जायची, कधी दिवसभर नाही. अन्वरभाई म्हणाले, "मॅडम, सांजच्याले गेली तं लगेच येते. दिवसाची गेली का गेलीच."

मशीनला दिवस काय आणि संध्याकाळ काय. वेळ बघून वागतो तो माणूस. मला तिथंच पहिल्यांदा वाटलं, की यात कुठंतरी माणूस आहे.

वाशीमला परत आले. सर्व्हरची खोली म्हणजे सॅम्पलच्या फ्रीजमागची अडचणीची जागा. तिथं फायरवॉल असतो. फायरवॉल म्हणजे दारावरचा वॉचमन. कोण आलं, कोणाला सोडलं, कोणाला नाही, हे तो लिहून ठेवतो. ते वाचायला घेतलं. कारंजाची वाट सेंटरच्या खात्यावरून होती, पण रिसोडची गजाननच्या स्वतःच्या खात्यावरून जोडलेली होती. काही ओळींपुढे लिहिलं होतं, युजरने मंजूर केलं. काही ओळींपुढे, युजरने नाकारलं. युजर गजानन. आणि सगळ्या ओळी तो गेल्यानंतरच्या.

बँकेच्या ओटीपीसारखंच असतं हे. पासवर्ड दिल्यावर त्या माणसाच्या मोबाईलवर एक निरोप जातो. त्यानं 'हो' दाबलं तर दार उघडतं. 'नाही' दाबलं तर वॉचमनला संशय येतो आणि तो काही तास त्या नावाला आत घेत नाही. राउटर बिचारा गजाननचं नाव सांगून दार ठोठावत होता आणि दरवेळी निरोप गजाननच्या मोबाईलवर जात होता.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे त्याचा मोबाईल वापरून कोणीतरी माझी सिस्टीम बंद पाडतंय. पोलिसात देतो." मी एक दिवस मागून घेतला. त्यांनी तो दिला, पण तोंड वाकडं करूनच.

दुसऱ्या दिवशी दुपारी गजाननच्या गावी गेले. रिसोडहून थोडं आत आहे. त्याचे वडील नामदेवराव ओसरीवर बसले होते. रेखा तुरीच्या सोंगणीला गेली होती. मोबाईल त्यांच्या बंडीच्या खिशात होता, चार्ज केलेला. मी इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, की यावर काही येतं का.

"येते ना. लाइट जाऊन आली का येते."

"मग तुम्ही काय दाबता?"

"नाई दाबतो."

मी विचारलं, का. ते माझ्याकडे बघत राहिले. मला एवढंही कळू नये याचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं.

"सातवी शिकेल हावो मी, बाई. मले वाचता येते. ते इचारते, हे तुमीच आहात का. आता तो हाये काय? मंग खोटं कायले दाबू?"

चोरी, खोडसाळपणा, कोणीतरी पढवलेला माणूस, असलं सगळं मनात धरून मी गेले होते. तेवढ्यात रेखा आली. मला बघून हातपाय धुऊन पाणी घेऊन आली. तिलाही तेच विचारलं. तिनं आधी सासऱ्यांकडे, तिच्या मामाजींकडे, पाहिलं.

"सांजच्याले मोबाईल माह्याजवळ राह्यते," ती म्हणाली. "मी हो दाबते. ते नेहमी म्हणत, हो दाबलं का रिसोडचे रिपोर्ट दिसतात. म्हटलं, लोकायचं काम अडू नये." मग पदराशी चाळा करत म्हणाली, "अजून कोणी त्यायले इचारून राह्यलं हाये, एवढंच बरं वाटे मले."

एकाच घरात, एकाच मोबाईलवर दोघं दोन उत्तरं देत होते आणि एकमेकांना पत्ता नव्हता. नामदेवराव सुनेला रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. माझ्याकडे वळले.

"तुमच्या त्या कामानं त्याले कधी सुखानं घास खाऊ देल्ला नाई," ते म्हणाले. "ताटावरून उठे. नांगर सोडून बांधावर ये, तिथं सिग्नल भेटे म्हणून. अकोल्याले खाटेवर होता, नाकात नळी, तरी उशाचा मोबाईल घेऊन दाबला त्यानं. मी म्हटलं, ठेव रे बाबू. तं म्हणे, बाबा, रिसोडचे पेशंट बसले असतीन."

रेखा आत निघून गेली. मला रडू आवरेना. कामाच्या ठिकाणी मी कधी रडलेली नाही, पण हे काही कामाचं ठिकाण नव्हतं.

आणि तेवढ्यात त्यांच्या खिशात मोबाईल वाजला. रिसोडला लाइट जाऊन आली होती. त्यांनी तो काढला, डोळ्यांपासून लांब धरला. मलाही दिसलं. साइन इन करण्याचा प्रयत्न होत आहे, हे तुम्हीच आहात का. खाली हो आणि नाही. रेखा दारात येऊन उभी राहिली. तिनं हात पुढे केला नाही.

"पेशंट बसले असतीन काय तिथं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, हो, बसले असतील.

त्यांनी 'हो' दाबलं. मग मोबाईल रेखाच्या हातात दिला आणि गोठ्याकडे गेले.

वाशीमला येऊन मी मागच्या चार वर्षांच्या नोंदी काढल्या. डॉक्टरांना शेजारी बसवलं. रिसोडची लाइन एकदाही पडली नाही म्हणत होते ना, ती रोज पडत होती. कधी दिवसातून चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी पुढे तेच, युजरने मंजूर केलं. रविवारी, पोळ्याला, जेवायच्या वेळी, पहाटे. एका माणसानं मोबाईल उशाशी घेऊन ती लाइन चालू ठेवली होती आणि आम्ही म्हणत होतो, काय छान लाइन आहे. शेवटच्या ओळी अकोल्याच्या दवाखान्यातल्या होत्या. मी त्यांना ते सांगितलं.

डॉक्टर पडद्याकडे बघत होते. "मला कधी बोलला नाही," ते म्हणाले.

"लाइन चालू होती ना सर. तुम्ही तरी कुठं विचारलंत?" मी म्हटलं. गिऱ्हाईकाशी असं बोलू नये, हे मला कळतं. पण बोलले.

त्यांनी नोंदी वर सरकवून पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. मग म्हणाले, "सेंटरसाठी वेगळं लायसन्स लागेल, असं तो सुरुवातीला म्हणाला होता. मीच म्हटलं, सध्या तुझ्या नावावर टाक, तात्पुरतं. पुढं बघू." चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. ते अश्रू होते की थकवा, मला माहीत नाही. "रेखाला सोमवारपासून येऊ दे," एवढं बोलून ते तपासणीच्या खोलीत गेले.

लायसन्स त्याच दिवशी आलं. रिसोडच्या राउटरला स्वतःचं खातं दिलं, माणसाला न विचारता जोडलं जाणारं. चहा पिऊन होईपर्यंत काम संपलं. चार वर्षांत कधीही झालं असतं. मग गजाननचं खातं काढून टाकायचं राहिलं. त्यात एक बटण दाबायचं असतं, पण मी माऊस धरून तशीच बसून राहिले. शेवटी दाबलं. ते दाबणं माझ्याच वाट्याला आलं होतं.

त्यानंतर मी एक पथ्य पाळते. कोणतंही मशीन माणसाच्या नावावर चालू ठेवत नाही, तात्पुरतंसुद्धा नाही. माणूस सुट्टीवर जातो, नोकरी सोडतो, मरतो. नव्या गिऱ्हाईकाकडे गेले की मी आधी बंद पडणाऱ्या लाइनी बघत नाही. जी कधीच पडत नाही ती दाखवा म्हणते आणि तिच्यामागे कोण जागतंय ते शोधते.

महिनाभरानं रिसोडला चक्कर मारली. रेखा काउंटरवर होती. हात चांगला बसला होता, लोकांशी नीट बोलत होती. मधेच लाइट गेली आणि आली. लाइन आपोआप जोडली गेली, कोणाला कळलंसुद्धा नाही. अन्वरभाई खूश होते.

गर्दी ओसरल्यावर रेखानं मला विचारलं, "ताई, मोबाईलवर आता कधीच काही येणार नाई काय?"

मी म्हटलं, नाही. लाइन नीट झाली आहे.

"बरं झालं," ती म्हणाली आणि समोरचे रिपोर्ट लावत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मामाजी अजून घेऊन बसतात. लाइट आली का मोबाईल पाह्यतात, अन् मले इचारतात, आज कोणी त्याले बलावलं नाई काय."