डिफरन्शियलचं तेल आणि माझं ‘नाही’

मंडळी, आज सकाळी नाशिकरोडला गाडीचं गिअर ऑइल घ्यायला गेले होते. काउंटरवरचा म्हणाला, “काकू, सरांना फोन लावून द्या, त्यांना कळेल.” मी डब्यावरचा ग्रेड वाचला, हवा तोच मागून घेतला आणि निघाले. पण डोकं तापलंच.

ऐंशीच्या दशकात मी नाशकात द्वारका चौकाजवळ स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला होते. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर, त्यामुळे तेल-ग्रीस लहानपणापासून ओळखीचं. एकदा पिंपळगावचे एक बागायतदार आपली दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन आले. दुसऱ्या दिवशी शर्यत होती, डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांच्या गिअरपेटीला, तेल हवं होतं.

आमचे दुकानाचे शेठ मला म्हणाले, “ड्रममधलं दे.”

ते साधं सुटं तेल होतं. या गाडीच्या डिफरन्शियलचे दात एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना डब्यावर ‘हायपॉइड’ लिहिलेलंच लागतं. ते आमच्याकडे संपलेलं.

“हे मी देणार नाही. दात खरवडून निघतील,” मी गिऱ्हाइकासमोरच म्हणाले.

“मग उद्यापासून घरी बस!”

“बसते. पण हे तेल देणार नाही.”

बागायतदारांनी मलाच विचारलं, “ताई, मग मिळेल कुठं?” मी समोरचं दुकान दाखवलं आणि पिशवी उचलली.

घरी सगळं सांगितलं. वडील म्हणाले, “बरं केलंस. हात धू, जेवायला बस.”

तुम्हीही अशी एखादी नोकरी घालवलीय का, जिचं अजिबात वाईट वाटत नाही?