बिघडलं तर तुम्हीच या

ऑपरेशनची तारीख ठरली, डॉक्टरांनी फाईल मिटली आणि नातेवाईक उठायला लागले, की फोरमन दाराशी थांबत. हात जोडून म्हणत, "डॉक्टरसाहेब, एक विनंती हाय. सगळं नीट झालं तर तुम्ही आलात काय, नाय आलात काय, आमचं आम्ही समजून घेऊ. पण बिघडलं तर तुम्हीच या. दुसऱ्या कुणाला पाठवू नका."

यावर काही डॉक्टर हसत, काहींना राग येई. पेशंटचे नातेवाईकच त्यांची बाही ओढून म्हणत, फोरमन, शुभ बोला की जरा. फोरमनना शुभ-अशुभ मान्य नव्हतं. ते शांतपणे उत्तराची वाट बघत उभे राहत. 'बरं, येईन' एवढं ऐकल्याशिवाय त्यांनी दार सोडल्याचं मला आठवत नाही.

फोरमन म्हणजे माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणायची. मुकुंदवाडीच्या आमच्या वसाहतीत, विहारात, इतकंच काय त्याच्या सासुरवाडीलाही तो फोरमनच होता. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये त्याची नोकरी झाली. तिथं त्याने एक रीत पाडली होती. गाडीचे ब्रेक ज्या मेकॅनिकने केले, त्यानेच चाचणीच्या पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसायचं आणि हर्सूलपर्यंत जाऊन परत यायचं. हा नियम कुठल्या कागदावर नव्हता. मेकॅनिक कुरकुरत, जेवायच्या सुट्टीतच याला ट्रायल कशी सुचते म्हणत. दादा म्हणे, "ज्यानं नट आवळला, त्याचं बूड सीटवर पायजे. मग बग कसा आवळतो ते."

निवृत्त झाल्यावर त्याला दवाखान्यांच्या वाऱ्या लागल्या, त्या स्वतःसाठी नव्हे. वसाहतीत कुणाचं ऑपरेशन निघालं की लोक त्याला सोबत नेत. त्याला औषधातलं काही कळत नसे आणि कळतं असं तो दाखवतही नसे. तो फक्त बाहेर बसून राहायचा. घाबरलेल्या माणसाशेजारी न घाबरलेला माणूस बसला तर पुष्कळ फरक पडतो, हे मी त्याच्याकडे पाहून शिकले.

खाजगी आणि सरकारी यांवर आमचे वाद चालत. मी कॉलेजात ग्रंथपाल. नीटनेटकी जागा, शांतता, वेळेवर येणारी माणसं यांवर माझा विश्वास. जालना रोडवरच्या एका खाजगी दवाखान्यात आम्ही दोघं शेजारच्या बाईंना घेऊन गेलो होतो, तेव्हा तिथला मऊ सोफा आणि माशांची पेटी पाहून मी कौतुक केलं. दादा म्हणाला, "सोफा चांगलाय. पण माणूस सोफ्यावर बसला की उठून आत जात नाय, म्हून ठेवलाय." मग त्याने टाय लावलेल्या एका तरुणाला गाठून आपली विनंती केली. तो गोंधळला. "काका, मी डॉक्टर नाही, मी इन्शुरन्सचं बघतो." दादाने त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "व्हय का? मग बिघडल्यावर बी तूच भेटशील, मला दिसायलंय."

पण सरकारी दवाखान्याची भलामणही तो कुणाला करू देत नसे. तिथं वऱ्हांड्यात सतरंज्या पसरलेल्या, वाट काढत चालावं लागतं, सगळं त्याला मान्य. त्याची तक्रार वेगळी होती. विहारातल्या एका म्हाताऱ्यांचे हर्नियाचे टाके उसवले, तेव्हा तीन शिकाऊ डॉक्टरांनी दादाला तीन दिशांना पाठवलं. एक म्हणाला माझं युनिट नाही, दुसरा म्हणाला माझी ड्यूटी नव्हती, तिसरा म्हणाला ज्यांनी केलं त्यांची बदली झाली. दादा परत आला आणि मला म्हणाला, "खाजगीत जिम्मेदार माणूस कोण ते माहीत असतं, पण तो भेटत नाय. सरकारीत सगळे भेटतात, पण त्यातला जिम्मेदार कोण ते कळत नाय. दोन्हीकडं आपण वऱ्हांड्यातच." मी पुष्कळ वाचते, पण या विषयावर याहून खरं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

मग वहिनीची पाळी आली. पित्ताशयात खडे. मुलं म्हणाली, आईला खाजगीतच न्यायचं. दादाने हरकत घेतली नाही. सर्जन नावाजलेले, बोलायला गोड. दाराशी दादाने हात जोडले तेव्हा ते हसून म्हणाले, "काका, रोजचं काम आहे हे. काही बिघडत नाही."

"रोजचं हाय ते खरं," दादा म्हणाला. "पण बिघडलं तर याल ना?"

"येईन बाबा, येईन."

वहिनी घरी आली आणि तिला ताप भरला. डोळे पिवळे झाले. परत नेलं तेव्हा सर्जन आले नाहीत. सहायक आला आणि होतं असं कधीकधी म्हणाला. मग मॅनेजर आला. पुढे 'जास्त सोयी' असलेल्या ठिकाणी न्या, म्हणून चिठ्ठी मिळाली आणि आम्ही तिला सरकारी दवाखान्यात आणलं. तिथल्या सर्जन मॅडमनी तपासण्या करून सरळ सांगितलं की पित्ताशयाची नळी समजून यकृताची मुख्य नळी बांधली गेली आहे. पोट पुन्हा उघडावं लागेल. त्यांनी ते उघडलं आणि आतड्याला जोडून पित्ताला नवी वाट करून दिली. वहिनी वाचली, पण सावरायला तिला फार काळ लागला.

वसाहत पेटली होती. पोरं म्हणाली, जाऊन काचा फोडू. दादाने त्यांना घरी बसवलं. म्हणाला, "काच फोडली की त्याला बोलायचं कारण उरत नाय. तो पोलिसांशी बोलंल." माझा भाचा, बहिणीचा मुलगा, वकील आहे. त्याने तक्रारीचा मसुदा आणला. दादाने तो वाचून बाजूला ठेवला. तक्रार करायचीच होती, पण आधी एक काम बाकी होतं. त्या सर्जनने वहिनीच्या खाटेशी यावं आणि काय झालं ते तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं. दादाला दुसरं काही नको होतं. मला वाटलं, हे कधी घडणार नाही. तसं मी बोललेही.

दादा रोज सकाळी त्या खाजगी दवाखान्यात जाऊन पेशंटसारखा नंबर लावू लागला. काऊंटरवरची मुलगी विचारायची, काय त्रास आहे? तो सांगायचा, मला नाय, डॉक्टरांना हाय, येऊ न शकण्याचा. आधी ती चिडली, मग ओशाळली, शेवटी त्याला पाणी आणून देऊ लागली. एकदा तिने मॅनेजरची नजर चुकवून त्याला आत सोडलं.

सर्जन म्हणाले, असल्या बाबतीत बोलू नका असं आम्हाला वकिलांनी सांगितलंय. दादा खुर्चीवर बसला नाही. आत काय बोलला ते त्याने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. ब्रेकची, ट्रायलची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, "साहेब, माझी बायको विचारायलीय, माझ्या पोटात काय झालं? मला सांगता येत नाय. मी तिथं नव्हतो. तुम्ही होता."

सर्जन आले. भेटीच्या वेळेत, एकटे. वऱ्हांड्यातल्या सतरंज्यांमधून बूट जपत आले. वॉर्डात कुणी त्यांना ओळखलं नाही. दादाने स्टूल पुढे केलं. ते बसले आणि खाली बघत म्हणाले, "मावशी, नळी ओळखण्यात माझी चूक झाली. झाली तेव्हा लक्षात आलं नाही. नंतर आलं, तेव्हा मी यायला पाहिजे होतं."

वहिनी मुळातच कमी बोलणारी. उशीला रेलून ती उठून बसली. मग म्हणाली, "तेव्हा आला असतास तर दुसऱ्यांदा पोट फाडायचं काय टळलं नसतं. पर मी मरायलीय का जगायलीय, हे तरी मला कळलं असतं. सगळे माझ्यापासून तोंड चुकवायले होते, बाबा. मला वाटलं, मी मेलेच."

सर्जनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते जाताना दादाने त्यांना खाली फाटकापर्यंत सोडलं, जय भीम घातला, आणि दुसऱ्या दिवशी वकिलाचा मसुदा सही करून पाठवून दिला. मी चकित झाले. माणूस आला, चूक कबूल केली, आता कशाला? दादा म्हणाला, "ट्रायलला बसला म्हून ब्रेकची चौकशी थांबत नसती. आला ते चांगलं झालं. चौकशी बी चांगलीच होईल." त्याच्या बोलण्यात सूड नव्हता. त्या तक्रारीचं काय होईल ते होवो, ती अजून चालू आहे.

गेल्या वर्षी दादाच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. त्याने कुणाला विचारलं नाही. सरकारी दवाखान्यात त्याच मॅडमकडे गेला. दाराशी थांबून हात जोडले. मॅडम म्हणाल्या, "फोरमन, मला ठाऊक आहे तुमचं. येईन मी."

गाठ काढली, आतड्याची टोकं जोडली, पण तो जोड आतून गळायला लागला. पुन्हा आत घ्यावं लागलं. त्यानंतर दादा अतिदक्षता विभागातच होता, फार दिवस राहिला नाही.

मॅडम आल्या. बाहेरच्या बाकावर वहिनी आणि मी होतो. बाकावर जागा नव्हती, म्हणून त्या आमच्यासमोर सतरंजीवर बसल्या. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात धरली होती. आधी 'फोरमन गेले' असं म्हणाल्या. मग सांगितलं, "जोड बसेपर्यंत वरच्या आतड्यातून मळाला तात्पुरती वाट काढून पोटाला पिशवी लावतात. यांची तब्येत चांगली होती, पिशवीचा त्रास कशाला द्यायचा, असं मला वाटलं. तो निर्णय माझा होता. लावली असती तर कदाचित वाचले असते. नक्की वाचले असते असं म्हणता येणार नाही, पण मी लावायला हवी होती."

वहिनीने विचारलं, "त्यांना कळलं होतं का हे?"

"हो. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी मीच सांगितलं. त्यांनी मला विचारलं, पुढच्या माणसाला लावाल का? मी म्हटलं, लावीन. तर म्हणाले, 'मग जमलं.' आणि मला म्हणाले, 'आता तुम्ही थोडं जेवून घ्या, मग मला आत घ्या. रिकाम्या पोटी हात कापतो.'"

वहिनी रडता रडता हसली. मॅडमही हसल्या आणि मग त्यांनाही रडू आवरलं नाही. वऱ्हांड्यातून जाणारे लोक थांबून बघत होते की यातली डॉक्टर कोण आणि नातेवाईक कोण.

नंतर भाच्याने मला विचारलं, मावशी, इथंही चौकशीचा अर्ज करायचा का? मी वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "कर. त्या बाईला सांगून कर." मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, जरूर करा, मी डॉक्टरांच्या आठवड्याच्या बैठकीत सगळ्यांपुढे हेच मांडणार आहे.

दादा नाही याची सवय मला अजून झालेली नाही. त्याच्याशी वाद घालावेत अशी वाक्यं वाचताना सापडतात आणि खूण करून ठेवताना हात थांबतो. पण आमच्या वसाहतीत अशी घरं मला माहीत आहेत, जिथं आपला माणूस कशाने गेला हे वर्षानुवर्षं कुणालाच कळलेलं नाही. तिथं रडणंही अर्धवट राहतं, मधेच संशय येऊन उभा राहतो. माझा दादा कसा गेला, ते मला ठाऊक आहे. ज्यांच्या हातून गेला, त्यांनी समोर बसून सांगितलं. म्हणून मी त्याच्यासाठी मन भरून रडू शकते.