शिंपल्यांची भिंत

बाई आमच्या गावात आल्या त्या माझ्या बाबांच्या डोंग्यातून. त्या वेळी वैनगंगेवर आमच्या बाजूला पूल नव्हता. मूलपर्यंत रेल्वे, पुढं सर्व्हिस मोटार, मोटार घाटावर थांबायची आणि नदी डोंग्यानं ओलांडायची. गडचिरोलीचा जिल्हा व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती, आम्ही सगळे चांदा जिल्ह्यातलेच. राज्य मात्र नुकतंच बदललं होतं. मध्य प्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि सरकारी कचेऱ्यांत लांबलांबचे लोक बदलून यायला लागले. तसेच जंगलखात्यात एक बाबू आले, थेट कोकणच्या किनाऱ्यावरून. बाई म्हणजे त्यांची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. डोंग्यात पाणी यायचं ते करवंटीनं उपसायचं काम माझ्याकडे असे. भर धारेत आल्यावर बाईंनी हात पाण्यात घातला, ओंजळभर पाणी घेतलं आणि जिभेला लावलं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. एखादी चीज हरवल्यावर कुणी बोलतं तसा आवाज.

बाबा वल्हं थांबवून हसले. "नदीचं पानी हाय जी बाई. खारं कसं राहीन?"

बाबूही हसले. बाई हसल्या नाहीत.

काठावर सामान उतरवताना एक ट्रंक वाळूत आडवी पडली आणि तिच्यातून खडखड असा आवाज आला. बाईंनी तिथंच, उन्हात, ट्रंक उघडली. आत लुगड्यांच्या घड्यांमध्ये एक आरसा होता. आरसा शाबूत होता, पण त्याच्या लाकडी चौकटीवर चिकटवलेले बारके बारके शिंपले प्रवासात निखळून ट्रंकभर पसरले होते. पांढरे, गुलाबी, काही वाटाण्याएवढे, काही बोटाच्या पेरावर मावतील असे. बाई ते एकेक वेचून पदराच्या टोकात बांधत बसल्या. त्यांच्या वडिलांनी किनाऱ्यावर वेचून, स्वतःच्या हातानं ती चौकट केली होती, हे मला पुढं कळलं.

त्यांनी आमच्याच मोहल्ल्यात मातीचं कौलारू घर भाड्यानं घेतलं. बाबांच्या जाळ्यात मासळी आली की माय मला ती घेऊन त्यांच्याकडे पाठवायची. गावात नव्यानं आलेल्या बाबूलोकांच्या घरी मासळी चालायची नाही, बाईंना मात्र मासळी दिसली की उजाडल्यासारखं व्हायचं. त्यांची आमटी नारळाशिवाय अडायची आणि नारळ आमच्याकडे देवापुढंच दिसायचा. मग त्या मासळीकडे बघत म्हणायच्या, "करीन गो कशीतरी."

एकदा अशीच गेले तर आरसा खाली भिंतीला टेकवून ठेवलेला. अर्धी चौकट उघडी, डिंकाचे पिवळे डाग तेवढे राहिलेले.

"बाई, शिंपले तर आमच्या नदीत पन हायेत," मी म्हटलं.

"नदीत? शिंपले?"

"लय हायेत. तुम्ही चाला तर खरं."

उन्हाळा लागला होता. वैनगंगा आटून एका बाजूला गेली होती आणि पलीकडच्या काठापर्यंत नुसती वाळू. त्या वाळूत आमच्यासारख्यांच्या टरबूज-काकडीच्या वाड्या. बाईंनी वाळूवर पाय ठेवला आणि आधी चपला काढल्या. वाळू तापायच्या आतली वेळ होती. त्या पाय ओढत, बोटं वाळूत रुतवत चालायला लागल्या. मी पुढं आणि त्या मागं. मी वळून बघितलं तर डोळे पुसत होत्या आणि चालतही होत्या.

डोहाच्या कडेला, पाणी मागं हटलं होतं तिथं, शिंपल्यांचा खच होता. बाईंनी एक उचलला आणि त्यांचा चेहरा पडला. आमचे शिंपले वरून काळपट, शेणकुटासारखे.

"हे होय!" त्या म्हणाल्या.

"उलटे करा ना."

त्यांनी उलटा केला. आतून तो असा झळकला की त्यांनी डोळे बारीक केले. आमच्या नदीचा शिंपला आतून मोरपिसासारखा रंग बदलतो. थोडा हिरवा, थोडा गुलाबी, हलवला की निळा. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आम्ही त्यानं कैरी सोलायचो आणि तव्याची खरवड काढायचो.

त्या दिवशी आम्ही टोपलं भरून शिंपले आणले. पुराबरोबर जंगलातून वाहून आलेलं सागाचं एक मूळही बाईंनी खांद्यावर घेतलं. पाण्यानं घासून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की मऊ वाटायचं. रस्त्यानं येताना बायका उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. बाबूची बायको, खांद्यावर लाकूड!

मग आमचं कामच सुरू झालं. शिंपल्याला खिळ्यानं भोक पाडायला गेलं की तो तडकतो. बाईंनी मला युक्ती दाखवली. शिंपल्याची पाठ जिथं टेंगळासारखी वर येते, तेवढीच जागा ओल्या दगडावर घासत राहायचं. घासता घासता तिथं आपोआप बारीक भोक पडतं. ओवायला मी बाबांच्या जाळ्याचं सूत आणलं. झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवलेलं ते तांबडं सूत पाण्यानं कुजत नाही. सागाच्या मुळाला बाईंनी ओळीनं सुतं बांधली, त्यांत शिंपले ओवले आणि ते सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत टांगलं. वारा आला की किणकिण वाजायचं.

मायला ते बिलकूल आवडलं नाही. "हाडं टांगल्यावानी दिसते," ती म्हणाली. "शिंपले काय टांगाची चीज हाय? भाजावं, चुना करावा."

आमच्याकडे शिंपल्यांचा उपयोग तोच. दर उन्हाळ्यात माय शिंपले गोळा करायची, गोवऱ्यांच्या थरात रचायची आणि भट्टी पेटवायची. तो चुना तंबाखूला, पानाला, भिंतीला वर्षभर पुरायचा. तिच्या चुन्याला मोहल्ल्यात नाव होतं.

आरशाची चौकट बाईंनी शेवटी ठेवली होती. त्यांना आधी सगळे शिंपले आकारानं लावून घ्यायचे होते. एक दिवस त्यांनी चौकटीचे निखळलेले ते समुद्राचे शिंपले एका फडक्यात बांधून माझ्याकडे दिले आणि म्हणाल्या, "ह्यांच्याएवढेच बारके नदीतले निवडून ठेवशील? जोड लागायला हवी." मी पुरचुंडी घरी आणली, बारक्या शिंपल्यांच्या टोपल्यात वरच ठेवली आणि टोपलं पडवीत ठेवून वाडीत काकड्या तोडायला गेले.

परत आले तेव्हा भट्टी पेटलेली होती.

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. टोपलं रिकामं होतं आणि फडकं झटकून दोरीवर वाळत घातलेलं होतं.

"माय, या टोपल्यातले शिंपले?"

"टाकले ना भट्टीत. बारके लौकर भाजते."

"फडक्यातले पन?"

"ते पन. काऊन?"

मी भट्टीजवळ जाऊन बसले आणि धुराकडे बघत राहिले. शेवटी मायनं दंडाला धरून हलवलं तेव्हा सगळं सांगितलं. माय मटकन खाली बसली. "मले कोन सांगते!" ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मले कोनी सांगतलंच नाई."

दोन दिवस मी बाईंच्या घराकडे फिरकले नाही. त्यांनी एकदा हाक मारली तर गोठ्यात लपून बसले. तिसऱ्या दिवशी मायनं नवा चुना मडक्यात भरला, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चाल." मला वाटलं होतं मीच सांगायचं. पण उंबऱ्यातच मायनं मडकं खाली ठेवलं आणि ताठ उभी राहून म्हणाली, "बाई, तुमच्या बापाचे शिंपले म्या जाळले. पोरीचा गुन्हा नाई. हे पाहा, यात हायेत."

बाई आधी समजल्या नाहीत. समजल्यावर त्या मडक्याजवळ बसल्या. रडू आवरत नव्हतं त्यांना. माय तशीच उभी. मी दाराच्या चौकटीला चिकटले होते आणि मला वाटत होतं, आता या आपल्याला कधीच घरात घेणार नाहीत.

रडून झाल्यावर बाईंनी मडक्यात दोन बोटं घातली, चुना चिमटीत घेतला आणि चोळला. "फार बारीक झालाय," त्या म्हणाल्या. मग नाक पुसून विचारलं, "मावशी, तुम्ही गोवऱ्या घालता की कोळसा?"

"गोवऱ्या. वरून धानाचा कोंडा."

"माझ्या आजोळी चुन्याची भट्टीच होती. असाच वास यायचा."

माय तेव्हा खाली बसली. दोघी मग भट्टीचंच बोलत राहिल्या. शिंपले किती वेळ भाजायचे, पाणी किती घालायचं, अंगावर उडालं तर काय लावायचं. मी दारातच होते. मला कुणी रागावलंच नाही, आणि त्यामुळे मला जास्त रडू आलं.

निघताना माय म्हणाली, "बाई, तुमची सपरीतली भिंत लय उघडी हाय. या चुन्यानं मी पोतून देतो. तुमच्या बापाचं हाय ते, भिंतीवर राहीन."

बाबू संध्याकाळी घरी आले तर भिंतीची माती खरवडलेली. "अहो, भाड्याचं घर आहे," ते म्हणाले. "दोन वर्षांत बदली होईल माझी. कशाला हा खटाटोप?"

"दोन वर्षं तरी बघीन," बाई म्हणाल्या. बाबू दुसऱ्या दिवशी घरमालकाला विचारून आले.

भिंतीचं काम मायचं. तिच्या हाताला भिंत कळायची. चुन्यात तिनं चाळलेली वाळू घातली, पिकल्या बेलाचा गर मिसळला आणि मळून मळून लोण्यासारखा गिलावा केला. तो भिंतीवर लावायचा आणि ओला आहे तोवर शिंपले दाबायचे. काय काढायचं ते बाई सांगणार, दाबणार मी आणि माय.

"सांगा, कसा रायते तुमचा समुद्र?" मायनं विचारलं. तिनं चांदासुद्धा दोनदाच बघितलं होतं.

"लाटा असतात. एकामागं एक येतच राहतात."

"पुरासारख्या?"

"पूर ओसरतो, मावशी. ह्या थांबत नाहीत."

"आन् पल्याडचा काठ?"

"दिसत नाही. नजर जाईल तिथवर पाणीच."

मायचा हात थांबला. तिनं बराच विचार केला. "मंग डोंगा लागते कोन्या घाटाले?"

बाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला शिंपला खाली पडला. गावात आल्यापासून त्यांना मी तसं हसताना पाहिलं नव्हतं. मायही हसली, पण तिला उत्तर हवंच होतं. मग बाईंनी गलबतांचं, दूरच्या बंदरांचं सगळं सांगितलं आणि माय ऐकता ऐकता शिंपले दाबत राहिली.

खालच्या बाजूला आम्ही शिंपल्यांची काळी पाठ वर ठेवली, ते खडक. वर वर जाताना आतली चमकती बाजू, त्या लाटा. मधे मायनं कुणाला न विचारता एक डोंगा काढला आणि त्यात एक माणूस. बाई म्हणाल्या, असू दे. आरशाच्या चौकटीला उरलेले नदीचे शिंपले धावड्याच्या डिंकानं चिकटवले आणि आरसा त्या भिंतीवर मधोमध टांगला.

पुढचे पंधरा दिवस मोहल्ल्यातलं कुणी ना कुणी ती भिंत बघायला यायचं. सकाळी ऊन तिरपं आलं की लाटा हलल्यासारख्या वाटायच्या. जंगलखात्याचे मोठे साहेब दौऱ्यावर आले होते, त्यांनीही पाहिली आणि विश्रामगृहाच्या दाराला शिंपल्यांचं तोरण करून मागितलं. ते मायनंच केलं. हाडं टांगल्यावानी दिसते म्हणणारी माय दगडावर शिंपले घासत बसायची आणि मी हसले की म्हणायची, "चूप राय." त्या उन्हाळ्यात गावात तीन लग्नं झाली आणि तिन्ही मांडवांना तिची तोरणं होती.

बदली दोन वर्षांनी झालीच. बाईंच्या कडेवर तोवर एक मुलगी होती. डोंग्यात त्या मायजवळ बसल्या आणि मुलगी मायच्या मांडीवर. पलीकडच्या घाटावर मोटार उभी होती. मायनं त्यांना चुन्याचं लहान मडकं दिलं आणि म्हणाली, "पोरीले लावू नका, कातडी जळते."

त्या घरात नंतर दुसरे बाबू आले. पहिल्या दोन पावसाळ्यांत भिंतीला ओल आली आणि खालचे शिंपले सुटायला लागले. नव्या बाईंनी एक वर्ष सांभाळून बघितलं, मग शेणामातीनं सारवून टाकलं. त्यांचा दोष नव्हता. ओली भिंत लेकराबाळांच्या घरात कशी ठेवणार? मी मात्र काही दिवस त्या वाटेनं गेले नाही.

एकदा बाईंचं कार्ड आलं. मी चौथी शिकलेली, मीच वाचून दाखवलं. माहेरी गेले होते, मुलीला समुद्रावर नेलं, ती लाटांना घाबरली, मावशीची आठवण येते, असं लिहिलं होतं. माय म्हणाली, पुन्हा वाच. मी तीनदा वाचलं.

"उत्तर लिही," ती म्हणाली. मी दौत घेऊन बसले.

माय सांगत गेली. यंदा वाडीत टरबूज चांगले आले. बाबांचा गुडघा दुखून राह्यला. काळी गाय व्याली. पोरीचं लग्न भद्रावतीकडे ठरत हाय. विश्रामगृहाचं तोरण वानरानं तोडलं, म्या नवं केलं. मी बारीक बारीक अक्षरांत लिहीत होते तरी कार्ड भरत आलं.

"माय, जागा संपली."

"कडेनं लिही ना," ती म्हणाली, आणि पुढचं सांगायला लागली.