डाळिंबाची छाटणी

मावशीचं आयुष्य लोकांचे केस कापण्यात गेलं. तिचं पार्लर बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन खुर्च्यांचं. पण घरच्या गॅलरीतल्या बोन्सायवर मात्र ती उठसूट कात्री चालवत नसे. ते डाळिंब तिनं बीपासून वाढवलं होतं. खोड अंगठ्याएवढं व्हायलाच कितीतरी वर्षं गेली होती.

एका वर्षी तिनं झाड कुंडीतून काढलं, गुंता झालेली मुळं छाटली आणि ताज्या मातीत बसवलं. वरचा पसारा मुद्दाम तसाच ठेवला. झाड झिपरं दिसायला लागलं. काका तिला हसायचे, म्हणायचे, जगाची डोकी नीट करते आणि घरात हे असं!

त्यानंतर थोड्याच दिवसांत काकांच्या ऑफिसातली जुनी मंडळी चहाला यायची होती. मावशी कामावर गेली होती. काकांनी तिचीच कात्री घेतली आणि झाड चेंडूसारखं गोल कापलं, वर उरलीसुरली पानंही खुडून टाकली. फांद्यांची वळणं कशी उठून दिसतात, म्हणून पाहुण्यांनी फोटोही काढले.

मावशी घरी आली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुणे बसलेले असतानाच तिनं विचारलं, "कुणाला विचारून हात लावलात?"

"पानंच तर कापली. येतील परत."

"कशाच्या जोरावर येतील? खालून मुळं मी कापली, वरून पानं तुम्ही. नवी मुळं फुटायची तर त्यांना पानांनीच पोसायचं असतं. आता त्या झाडानं खायचं काय?"

कुणीतरी विषय बदलायला गेलं. मावशीनं बदलू दिला नाही. संसारात तिला न विचारता झालेल्या सगळ्या गोष्टी तिनं पाहुण्यांसमोर बोलून दाखवल्या. पार्लरला परस्पर दिलेला रंग, परस्पर विकलेलं शिलाई मशीन. मग कुंडी उचलली आणि तडक पार्लरमध्ये नेऊन ठेवली.

झाड बरेच दिवस नुसत्या काड्यांचं राहिलं. अखेर एका बाजूला कोंब आले, दुसऱ्या बाजूची फांदी वाळली. आलेला एकही कोंब मावशीनं खुडला नाही. एक फांदी तर आरशाच्या वर गेली. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, आधी या झाडाचे केस कापा म्हणायची. मावशी ढिम्म.

पुढं कुंडी बदलताना मी तिथंच होते. वाळलेल्या फांदीच्या बाजूची मुळं काळी पडून कुजली होती. मोकळ्या वाढलेल्या फांदीखाली मात्र पांढऱ्या मुळांचं दाट जाळं होतं. मावशीनं त्यावरून हलकेच बोट फिरवलं. तिचा राग मात्र तसूभरही उतरला नव्हता. "अर्धं मारलंच त्यांनी," ती म्हणाली.

काका तिला न्यायला आले होते. त्यांनी वाळक्या फांदीकडे हात नेला, पण मध्येच थांबले.

"ही काढू का?"

"नको," मावशी म्हणाली. "राहू दे. दिसू दे सगळ्यांना."

काका खाली मान घालून खुर्चीवर बसले. मावशीनं कुंडीत माती भरायला घेतली.