दोन चेनसॉ आणि हिराकाकीच्या अंगणातली फांदी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मध्येच हसलात की मला पुढचं आठवत नाही! वसईजवळच्या आमच्या उमेळ्यात ही फजिती इतक्या तोंडांनी सांगून झालीय की म्हटलं, तुम्हाला तरी ती मूळ मालकाकडून कळू दे. हा, चहा घ्या आधी.

तर मी जनार्दन. जन्म उमेळ्यातला, घर उमेळ्यातलं. छत्तीस वर्षं ऑफिसात फायली सरकवल्या, पण कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की माझं उत्तर ठरलेलं: "आम्ही शेतकरी!" ऑफिसच्या कँटीनमध्ये मी भातकापणीवर असं काही बोलायचो की लोक जेवायचे थांबायचे. आता शेत कुठं आहे म्हणाल तर तिथं सात मजली बिल्डिंग आहे. वाडी म्हणाल तर घरामागे चार माड, एक शेवगा आणि कढीपत्ता. पण म्हणून काय झालं? रक्त शेतकऱ्याचंच ना!

आमच्या आणि हिराकाकीच्या घरांमध्ये कुंपण नाही, अंगण एकच. मध्ये एक रायवळ आंबा. हिराकाकी आमची शेजारीण, वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज अजून स्टेशनपर्यंत जाईल. आमच्या बाबांच्या शेतावर कापणीला काकी सगळ्यांत पुढे असायची. त्या आंब्याखाली माझ्या बहिणींची हळद लागली, माझी लागली, काकीच्या चारही पोरांची लागली.

काय दिवस होते हो ते! हळदीच्या आधी आठ दिवस बाबा आणि काकीचा नवरा, आमचे दामूकाका, चुलीसाठी लाकडं कापायचे. मोठी करवत, एक टोक बाबांच्या हातात, दुसरं दामूकाकांच्या. ओंडका हलू नये म्हणून आम्हा पोरांना त्यावर बसवायचे. करवत पुढेमागे जायची, भुसा पायावर पडायचा आणि ते दोघं एक शब्द न बोलता तासन्‌तास कापत राहायचे. आता दोघंही नाहीत. तो ओल्या भुशाचा वास मात्र कुठं आला की मी आजही जागच्या जागी थांबतो, खरंच सांगतो.

तर, यंदा मे महिन्यात काकीच्या नातवाचं, राकेशचं लग्न ठरलं. आणि एप्रिलमध्ये असा वारा सुटला की आंब्याची सगळ्यांत जाड फांदी मोडली. एक टोक झाडाला लटकलेलं, दुसरं काकीच्या बाजूला अंगणात टेकलेलं. कैऱ्यांचं काकीने लोणचं घातलं, पण फांदीचं काय घालणार?

मांडववाला दिनेश आला, फांदी बघितली आणि हात वर केले. "काकी, ही हलल्याशिवाय मी एक बांबू रोवणार नाय. नायतर हॉल बघा."

हॉल! काकीचा चेहरा असा पडला की मला बघवेना. "माझ्या घरातली हळद हॉलात? लोक चपला घालून हळदीला येतील तिथं! माझी शेवटची हळद हाय रे ही, पुढची मी काय बघनार?"

आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. "काकी, हॉलचं नाव काढू नकोस. फांदी मी कापतो. स्वतः! शेतकऱ्याचा मुलगा आहे मी."

आमची मंगल ओट्यावरून म्हणाली, "अहो, परवा तुम्हाला शेवग्याची शेंग काढायला मी शिडी धरली होती." बायकोला असल्या वेळीच सगळं कसं आठवतं?

पालिकेकडून फांदी काढायचा कागद चार दिवसांत आला. विश्वास बसतोय का? कागद चार दिवसांत, आणि चेनसॉ कुठला घ्यायचा हे माझं तीन आठवड्यांत ठरेना! मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. स्वस्त की प्रोफेशनल? विजेचा की पेट्रोलचा? पात बारा इंची, सोळा इंची की बावीस? कॅनडातला एक माणूस बर्फात उभा राहून देवदार कापायचा आणि मी उमेळ्यात पंख्याखाली बसून मान डोलवायचो. जेवताना मी सीसी आणि आरपीएमवर बोलायला लागलो, तेव्हा मंगलने माझं ताट उचलून नेलं.

शेवटी वसईला दुकानात गेलो. दुकानदार तरुण, हुशार. "अंकल, घर के लिए चाहिए या धंदे के लिए?"

"वाडी आहे आमची," मी जरा ताठ होऊन म्हटलं.

"साल में कितना काटोगे?"

आता काय सांगणार? एक फांदी? "बरंच असतं," मी म्हटलं.

"चार माड आहेत," मंगल मागून म्हणाली.

दुकानदार हसला आणि त्याने छोटा विजेचा चेनसॉ पुढे केला. "अंकल, घर के लिए यही बहुत है। वो प्रोफेशनल वाला रोज काटने वालों का है। भारी भी है, हाथ दुखेगा।" मी त्या मोठ्या पेट्रोलच्या मशीनकडे असा बघत होतो की मंगलने मला दंडाला धरून बाहेर काढलं. स्वस्तातला घेऊन घरी आलो.

आता नीट ऐका. खोक्यात मशीन वेगळं, पात वेगळी, चेन वेगळी. बरोबर पुस्तिका, त्यात चित्र. चित्रात पातीच्या वरच्या बाजूला चेनचे दात पुढे तोंड करून होते, म्हणजे आपल्यापासून लांब. मी बघतच राहिलो. म्हटलं, छापणाऱ्याने घोळ घातलाय!

का? अहो, भाताचा विळा बघितलाय ना तुम्ही? दातेरी विळा? त्याचे दात कुठे वळलेले असतात? मुठीकडे! पेंढी डाव्या हातात धरायची, विळा लावायचा आणि आपल्याकडे ओढायचा. बाबा बांधावरून ओरडायचे, "दात आपल्याकडे! ओढ, ढकलू नको!" दिवाळी झाली की पिवळंधम्मक शेत, पायाखाली ओल, बायकांची गाणी आणि बाबांचा तो आवाज. पन्नास वर्षं झाली असतील, पण डोळे मिटले की अजून ऐकू येतो. आणि हे कालचे पुस्तिकावाले मला शिकवणार?

मी चेन उलटी फिरवली. दात आपल्याकडे! पुस्तिका मंगलच्या अंगावर टाकली आणि म्हटलं, "रद्दीत घाल."

बुधवारी सकाळी मुहूर्त. काकी खुर्ची घेऊन बसली. दिनेश बांबूचा टेम्पो घेऊन आला. शेजारपाजार जमला. मी गॉगल लावला, हातमोजे घातले आणि बटण दाबलं. घर्रर्र! आवाज काय, वा! फांदीवर टेकवला. धूर निघाला. अजून दाबला, अजून धूर निघाला. पाच मिनिटांनी बघतो तर फांदीवर एक काळा, गुळगुळीत पट्टा! पाटीवर पेन्सिल घासावी तेवढंच काम झालेलं.

"कापतोयस का भाजतोयस रे?" काकीने विचारलं.

मी मशीन खाली ठेवलं आणि मंगलकडे असं बघितलं, जसा काही खटलाच जिंकलोय. "सांगत नव्हतो? स्वस्तातला माल! प्रोफेशनलच हवा होता!"

मंगल उठून घरात गेली. ती अशी उठून जाते तेव्हा मी घाबरायला हवं, पण माझ्या अंगात शेतकरी शिरला होता.

तडक वसईला. दुकानदाराशी भांडलो. तो बिचारा म्हणाला, "अंकल, मशीन तो बराबर है, चेन ठीक से लगाया?" मला असा राग आला! मला विचारतो, चेन नीट लावली का! शेवटी डिपॉझिट ठेवून त्याने ते मोठं पेट्रोलचं धूड एका दिवसासाठी दिलं.

त्याची चेन लावलेलीच होती. मी घरी आणून बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, मला हसूच आलं. इथंही दात पुढे! एवढी महागडी कंपनी आणि चूक तीच! दोन वेगवेगळ्या कंपन्या एकच चूक कशी करतील, ही शंका कोणालाही यावी की नाही? मला नाही आली. मी पाना घेतला, नट सोडवले आणि चेन फिरवली.

गुरुवारी निम्मं गाव हजर. हळद शनिवारी! दिनेशने सांगूनच टाकलं होतं, आज दुपारपर्यंत फांदी गेली नाही तर तो दुसऱ्या मांडवाला जाणार. राकेश फोनवर हॉलवाल्याशी हळू आवाजात बोलत होता आणि काकी ते ऐकत नसल्यासारखं करत होती.

मी दोरी ओढली. मशीन असं गुरगुरलं की काकीच्या कोंबड्या थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. टेकवलं. धूर! काल पांढरा होता, आज निळा. वास असा की लोकांनी पदर आणि रुमाल नाकाला लावले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माझे हात लटलट कापायला लागले, फांदी सोडून माझंच सगळं कापत होतं! पट्टा कालच्यापेक्षा रुंद झाला, बस्स.

मी मशीन बंद केलं आणि गंभीरपणे जाहीर केलं, "हा आंबा साधा नाही. जुनं लाकूड आहे, लोखंड झालंय आतून."

दिनेश टेम्पोकडे निघाला. राकेशने काकीच्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, हॉल घेऊया ना. एसी आहे."

काकी उठली. मला वाटलं घरात जाऊन रडणार. पण ती काठी टेकत माझ्याकडे आली, वाकली आणि पातीच्या खालच्या बाजूला बघायला लागली. मग तिने काठीने दाखवलं. "जन्या, हे फिरतं कसं?"

"वरून पुढे जातं काकी, खालून आपल्याकडे येतं."

"आन कापतोस कुठून?"

"खालून."

"मग खालचे दात कुठं बघतात?"

मी वाकलो आणि बघितलं. खालचे दात आपल्यापासून लांब बघत होते. वरचे आपल्याकडे, खालचे लांब! कापायचं खालून आणि मी दात वळवले वरचे! दोन दिवस मी त्या फांदीला दातांच्या पाठीने घासत होतो. अंगणात इतकी शांतता झाली की स्वयंपाकघरातल्या कोंबड्या ऐकू यायला लागल्या.

तेवढ्यात मंगल घरातून आली. हातात पुस्तिका! रद्दीत घातलीच नव्हती. तिने तो छोटा, स्वस्तातला चेनसॉ मांडीवर घेतला, चित्र बघून चेन सुलटी केली, वायर लावली आणि माझ्या हातात दिला. "घ्या. प्रोफेशनलला विश्रांती द्या."

टेकवला मात्र, आणि भुसा उडाला! दुधी कापावा तशी फांदी कापली गेली हो. अर्ध्या तासात ओंडके पडले. आणि तो वास आला, ओल्या भुशाचा. पायावर भुसा, समोर काकी. माझे डोळे भरून आले. गॉगल होता म्हणून बरं.

दिनेशने बांबू उतरवले. काकीने राकेशला बजावलं, "हॉलवाल्याला सांग, तुझा एसी तुझ्याकडेच ठेव!" सगळे ओंडक्यांवर बसले, चहा आला, आणि चेष्टा सुरू झाली. आता गप्प बसायचं ना? पण नाही!

"हसा, हसा," मी म्हटलं, "पण चूक झाली ती कशामुळे? हाताला विळ्याची सवय! बाबांनी शिकवलेलं, दात आपल्याकडे. हे रक्तात असावं लागतं. ज्याने कधी भात कापलाच नाही, त्याच्याकडून अशी चूक होणारच नाही!"

काकीने बशी खाली ठेवली. "तू भात कापलास? कधी?"

"अगं काकी, तुझ्या शेजारच्या ओळीत असायचो मी! बाबा ओरडायचे ना बांधावरून?"

"ओरडायचा ना तुझा बापूस. तुझ्याच नावानं ओरडायचा!" काकी सगळ्यांकडे वळली. "पयल्या दिवशी या पोऱ्यानं विळा घेतला आन विळ्याची पाठ भाताला लावून ओढत बसला. वर बोंबलतो काय, विळा बोथट हाय! बापूस म्हनाला, दुसरा विळा द्या याला. दुसरा दिला. तो पन उलटा! आन परत बोंबलतो, हा पन बोथट! मग बापसानं विळाच काढून घेतला हातातून."

"मग पुढं?" मंगलने अगदी गोड आवाजात विचारलं.

"पुढं काय! दर वरसाला कापनी आली का याला एकच काम. कापनाऱ्यांना पानी द्यायचं."

हसून हसून दिनेश ओंडक्यावरून खाली पडला. आणि खरं सांगू? ती कळशी मला आठवली. पितळेची, डाव्या खांद्यावर घेतलेली, आणि बाबांनी ओंजळ पुढे केलेली.

मग मी उठलो, घरात गेलो, आणि सगळ्यांसाठी पाणी घेऊन आलो.