पडद्यावरचा सरळ बॉल आज झुडपात गेला

मंडळी, दुपारपासून चैन नाही, म्हणून लिहून राहिलो.

गोंदियात गोल्फचं मैदान नाही. मी आणि सुषमा, माझी बायको, जवळच्या कुडव्याच्या एका हॉलमध्ये सिम्युलेटरवर खेळतो, म्हणजे बॉल पडद्यावर मारायचा आणि तो कुठे गेला ते कॉम्प्युटर दाखवतो. तिथे माझा बॉल सरळ जातो, ती नेहमी हरते. त्याच भरवशावर येत्या रविवारच्या नागपूरच्या मैदानावरच्या स्पर्धेत दोघांची नावं दिली.

आज सकाळी सरावाला त्या खऱ्या मैदानावर गेलो. पहिला फटका छान बसला. पण बॉल थांबला तो उतारावर. एक पाय वर, एक खाली. पुढचा फटका झुडपात, त्यानंतरचा तळ्यात! हॉलमध्ये पायाखाली कायम सपाट चटई असते, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

सुषमा मात्र छोटे फटके मारत पुढे निघाली. म्हणे, "काऊन एवढा जोर लावून राहिले? आधी जमीन तर पाहा."

मी चिडलो. "रविवारची नावं काढून टाकू."

"तुमचं काढा. मी खेळणार."

घरी आल्यापासून मी अंगणात नुसती स्टिक फिरवून राहिलो. सिम्युलेटरवरचा सराव मैदानावर कितपत कामी येतो हो? खेळणाऱ्यांनी खरं सांगा. रविवारी खेळू, की बाहेर उभा राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवू?