जांभईची चुटकी

कुसुममावशींनी मला सांभाळलं, हे आधी सांगतो. गावापासून लांब, सुरतेत, त्यांची खानावळ आहे आणि वरच माझी खोली. पोतं उचलताना माझी पाठ धरली, तेव्हा दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. दुखणं गेलं, गोळ्या सुटेनात. आता डॉक्टर त्या सोडवतायत, तर अंगावर काटा, नाकाला धार आणि जांभयांवर जांभया.

दुपारी तांदूळ निवडता निवडता मावशी माझ्या प्रत्येक जांभईला चुटकी वाजवतात, तान्ह्या बाळासमोर वाजवतात तशी.

"बोटं झिजली रे माझी. झोप की आता."

झोप येत असती तर काय हवं होतं? जांभईमागून झोप येते, एवढं तर शाळा सोडलेल्या मलाही कळतं. माझ्या जांभईमागून नुसती गोळीची आठवण येते. एक घेतली की सगळं थांबेल, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. याचाच वैताग येतो. पाय मेडिकलकडे वळू बघतात. तेवढ्यात चुटकी वाजते, आणि मी बसून राहतो.

मावशी, तुम्ही थकाल तेव्हा मी तुमच्या उशाशी बसेन. तुमची एकही जांभई चुटकीवाचून जाऊ देणार नाही.